काळेकाकांचा ळ

१२ ऑक्टोबर २००८, रविवार

ओबामा माझ्या गळ्यात पडला! सकाळी सकाळी अर्चनाचा फोन. मंडळाची नवी सेक्रेटरी. पुण्याची, बँकेच्या आयटीत, लीड्सला येऊन जेमतेम तीन वर्षं, पण उत्साह असा की मंडळ जणू हिच्याच वडिलांनी काढलं. "काकू, पंधरा नोव्हेंबरला दिवाळीचा प्रोग्रॅम. ओबामावर वीस मिनिटं बोलायचं. लाइफ, फॅमिली, पोलिटिकल करिअर, सगळं. तुम्ही लायब्ररीत आहात ना, तुम्हाला एकदम ईझी." म्हटलं, अगं निवडणूक चार तारखेला, आणि हरला तर? "हरला तर इन्स्पिरेशनल म्हणून बोला काकू. जिंकला तर हिस्टॉरिक म्हणून!"

हे पेपरमागून म्हणाले, "लायब्ररीत तू पुस्तकांवर शिक्के मारतेस, हे तिला सांगितलंस का?" बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला एकदा सरळ शाबासकी दिलेली नाही.

अर्चनाचं पुढे होतंच. "आणि चीफ गेस्ट म्हणून एखादी ब्लॅक व्यक्ती हवी, काकू. किती छान दिसेल! तुमच्या शेजारचे ते काळेकाका. सीमाकाकू सांगत होत्या." आणि खुदकन हसली. मीही हसले. सवयीनं.

फोन ठेवल्यावर मात्र कसंसंच झालं. का ते आज लिहीत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ओबामावरची चार पुस्तकं माझ्याच कार्डावर काढली. दुसरं काही लिहायचं होतं. नाही लिहिलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहूनच टाकते. ही वही कोण वाचणार आहे!

१९८५. हे घर घेतलं तेव्हा डावीकडे हॉजसन म्हातारा-म्हातारी, उजवीकडे जोसेफ लिबर्ड आणि त्यांची बायको. मूळचे नेव्हिस नावाच्या चिमुकल्या बेटावरचे, वेस्ट इंडीजकडचे. लीड्सच्या बसवर ड्रायव्हर. कुंपण कमरेएवढं, भिंती पापडासारख्या. शेजाऱ्यांविषयी बोलायचं तर त्यांच्यादेखत बोलायची सोय हवी. 'ब्लॅक' म्हटलं तर त्यांना कळणार. 'तो काळा' म्हटलं तर दुकानात पंजाबी-गुजराती मंडळी असतातच, त्यांना कळणार. मग मी डोकं चालवलं. आपल्यात गोरे आडनाव आहे, काळे आडनाव आहे! हॉजसन झाले गोरे, लिबर्ड झाले काळे. "गोऱ्यांची मांजर आपल्या वाफ्यात आली होती." "काळ्यांकडे पाहुणे दिसतात आज." ऐकणाऱ्याला वाटावं, पुण्यातल्या दोन बिऱ्हाडांबद्दल चाललं आहे. मंडळात सांगितलं तर लोक पोट धरून हसले. वर्षभरात सगळीकडे हेच सुरू. मंडळातली माझी मैत्रीण सीमा तिच्या जीपीला 'डॉक्टर काळे' म्हणायची. हा शोध माझा. आणि मी तो इतकी वर्षं मिरवला.

मग ईशिता. तीन वर्षांची होती. घरात 'काळे, काळे' ऐकून तिला वाटलं, ते त्यांचं आडनावच. मोठ्या माणसाला काका म्हणायचं, हे मीच शिकवलेलं. एक दिवस कुंपणावर लोंबकळून तिने हाक मारली, "काळेकाका!" ते गुलाबांना पाणी घालत होते. माझ्या पाचावर धारण बसली. त्यांनी विचारलं, ही मला काय म्हणते? मी म्हणाले, काका म्हणजे अंकल. आणि काळे? काळे म्हणजे… पुण्यातलं एक आडनाव. चांगलं घराणं. ती तुम्हाला आमच्यातलेच समजते!

माणूस इतका हरखला! म्हणाले, "वेल, देन आय ॲम अ काले." ळचा ल करून.

तेव्हापासून ते आमचे काळेकाका. आता ते स्वतःच म्हणतात. दाराची बेल वाजवतात आणि लेटरबॉक्समधून हाक देतात, "ओन्ली काले काका, लव्ह!" आम्ही आत एकमेकांकडे बघायचो. पहिली काही वर्षं हसू यायचं. मग यायचं बंद झालं. पण शब्द राहिला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

विचारलं त्यांना. नाही म्हणतील अशी आशा होती. कुठली! बायको गेल्यापासून बोलावणी कमी झाली आहेत. चेहरा उजळला. "मी? चीफ गेस्ट?" कुठला टाय बरा दिसेल इथपर्यंत गाडी गेली.

आणि मग म्हणाले, इतकी वर्षं हे नाव वापरतो, पण तुम्ही म्हणता तसं माझ्या तोंडून येत नाही. एवढ्या मराठी लोकांपुढे चुकीचं नाही म्हणायचं मला. शिकवा. मराठीत सांगायचं आहे, माझं नाव अमुक अमुक.

काय करणार! कुंपणाशी उभी राहून शिकवलं. जीभ उलटी वळवा. टोक मागे न्या, टाळूला लावा, सोडा. ळ. ते म्हणाले ल. मी म्हणाले ळ. ते म्हणाले ड. एकाहत्तर वर्षांचा माणूस, तोंड उघडून मला जीभ दाखवतो आहे, बरोबर आहे का बघा म्हणून. बिन्स उचलणारी कौन्सिलची माणसं बघत होती.

जाता जाता म्हणाले, "नेव्हर आस्क्ड यू, सुचेता. डझ इट मीन एनिथिंग? काले?"

मी म्हणाले, तसं काही नाही. जस्ट अ नेम.

१९ ऑक्टोबर, रविवार

भाषणाला सुरुवात. बाप केनियाचा, बराक हेच नाव. आई कॅन्ससची ॲन. जन्म होनोलूलू, ४ ऑगस्ट १९६१. बाप शिकायला हार्वर्डला निघून गेला, तो पुन्हा मुलाला एकदाच भेटला, मुलगा दहा वर्षांचा असताना. मधली काही वर्षं इंडोनेशियात सावत्र वडिलांकडे. तिथे ही आई त्याला पहाटे चारला उठवून इंग्रजी शिकवायची. बाई तेव्हा पंचविशीचीच! मला ती फार आवडली.

पहिल्या मसुद्यात सहज लिहून गेले, 'गोरी आई, काळा बाप.' हे चष्मा वर करून म्हणाले, "काळा काय लिहितेस? स्टेजवर बोलायचं आहे. कृष्णवर्णीय लिही." बरोबर आहे. स्टेजवर कृष्णवर्णीय, किचनमध्ये काळे. दुरुस्ती केली. नऊ ठिकाणी.

कुंपणापलीकडून आवाज येत होता. ळ. ळ. ळ. रास्पबेरीच्या काठ्या बांधता बांधता सराव चाललेला. माझं सगळं लक्ष तिकडे. मध्येच एक अगदी बरोबर आला आणि ते स्वतःशीच हसले. मी खिडकी लावून घेतली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

लायब्ररीत दुपारच्या चहाच्या वेळात मार्चमधलं त्याचं फिलाडेल्फियाचं भाषण वाचलं. त्यात आजी आहे. आईची आई, गोरी, जिने त्याला वाढवलं, जिचा त्याच्यावर अतोनात जीव. तीच आजी एकदा बोलून गेली होती की रस्त्यात काळा माणूस जवळून गेला की मला भीती वाटते. आणि कधी कधी असं काही बोलायची की नातवाला ऐकवत नसे. तरी मी तिला टाकू शकत नाही, असं तो म्हणतो.

चहा तसाच राहिला. आजीने निदान कबूल तरी केलं होतं!

मला आठवलं, १९८५, या घरातला पहिला आठवडा. मी मागच्या बागेत. ते गेट उघडून आले. उंच, रुंद, युनिफॉर्ममध्ये. मी मंगळसूत्र कार्डिगनच्या आत सरकवलं. माझा हात आपोआप गेला. त्यांच्या हातात आमचाच टॉवेल होता, वाऱ्याने त्यांच्याकडे उडून पडलेला. घडी घालून आणला होता. त्यांनी माझा हात बघितला की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. बघितला असेल. बस चालवणाऱ्याला आरशात सगळं दिसतं.

आणि नंतरचं? '९६च्या जानेवारीत यांच्या छातीत दुखायला लागलं. बाहेर बर्फ, ॲम्ब्युलन्सला उशीर. तेच आले पायजम्यावर ओव्हरकोट चढवून. फावड्याने गाडी मोकळी केली आणि आम्हाला इन्फर्मरीत पोचवलं. तिथे आठ तास माझ्याजवळ बसले. नर्सने विचारलं, तुम्ही कोण? "फॅमिली," म्हणाले. "काले."

मला लाज वाटते. नुसती लाज वाटते असं लिहून भागत नाही, पण दुसरा शब्द नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिवाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं मागे केली. तासभर जास्त मिळाला. त्यात त्यांना नावाचा अर्थ सांगायचं ठरवलं होतं. चकल्या केल्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

फराळाचं ताट घेऊन गेले. आज सांगायचंच! वाक्य पाठ केलं होतं. जोसेफ, देअर इज समथिंग आय शुड हॅव टोल्ड यू. दार उघडलं आणि समोरून, "नमस्कार! माझं नाव काळेकाका!"

ळ अस्सल! आमच्या ईशितालाही इतका स्वच्छ येत नाही. कौतुकाने बघत होते माझ्याकडे. शाळेत मुलं बघतात तसे. मी काय म्हणाले असेन? "परफेक्ट!" म्हणाले.

चकली खाता खाता पुन्हा तेच. "शुअर इट डझन्ट मीन समथिंग? सगळ्या नावांना काहीतरी अर्थ असतो. स्मिथ म्हणजे लोहार." मी म्हणाले, असेल जुना काही अर्थ, आता कुणाला माहीत नाही. वर शंकरपाळे पुढे केले.

घरी आले तर हे म्हणाले, सांगितलंस? मी म्हणाले, त्यांना चकली आवडली. यांनी टीव्ही मोठा केला. यांनाही लाज वाटते, पण ती माझ्या खात्यात टाकून मोकळे.

३ नोव्हेंबर, सोमवार

ओबामाची आजी गेली. काल. निवडणुकीच्या तोंडावर! बातम्यांत तो बोलताना दिसला, डोळे भरलेले. 

भाषणातला आजीचा परिच्छेद काढून टाकला. वीस मिनिटांत बसत नाही. असं आपलं मी म्हणते.

५ नोव्हेंबर, बुधवार

जिंकला! पहाटे पाचला उठून बसलो होतो. ते चौघं स्टेजवर आले, धाकटीचा काळा फ्रॉक, मोठीचा लाल, आणि मला रडूच कोसळलं. खरंच रडले. तेवढ्यात बेल. दारात जोसेफ, ड्रेसिंग गाऊनवर, चपलेत एक पाय. मला मिठी मारली, यांना मारली. म्हणाले, माझ्या आईने हे बघायला हवं होतं. चहा केला. तिघंही टीव्हीपुढे बसलो. ते सारखं नाक पुसत होते.

हे इथवर लिहून थांबले असते तर किती बरं दिसलं असतं.

ते गेल्यावर अर्ध्या तासात सीमाचा फोन. "सुचेता, कळलं का? काळे व्हाइट हाउसमध्ये राहायला गेले! गोऱ्यांनी जागा खाली केली!" आणि मी हसले. खळखळून. मिठी मारलेला खांदा अजून ओला होता, आणि मी हसले. सीमा म्हणाली, तुझीच आयडिया, बाई!

संध्याकाळी बॉनफायर नाइटचे फटाके. पोरं ओरडत होती. दिवे न लावता बसून राहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

कार्डिफला ईशिताला फोन केला. कार्यक्रमाला येतेस ना? शनिवारच आहे, ट्रेनने ये.

"तू त्याला सांगितलं का?" एकदम हेच. काय सांगितलं, म्हटलं. "आई, डोन्ट. त्याचा नावचा अर्थ."

मी म्हणाले, तुला कधी कळलं?

"सात वर्षाची होती. संडे क्लासमध्ये. तू शिकवला. कलर्सचा चार्ट. पांढरा, पिवळा, काळा."

माझ्याच वर्गात! मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग मी अकरा वर्षं चालवला. छडी घेऊन तक्त्यावरच्या त्या चौकोनावर मीच टकटक केली असणार, म्हणा, का-ळा.

"त्याच्यानंतर मी त्याला जो म्हणते. काळेकाका कधी नाही म्हटलं. तू नोटीस पण नाही केलंस."

नाही केलं. वाटलं, मोठी होते आहे, इंग्रज होते आहे. मी विचारलं, मग तेव्हाच मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू टीचर होतीस. मला वाटला तुला माहिती असेल का बरोबर आहे."

येणार नाही म्हणाली. त्याला त्या नावाने स्टेजवर बोलावलेलं मला बघायचं नाही, असं म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिच्या मराठीतली एकही चूक मी सुधारली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

अर्चनाला फोन केला. म्हटलं, ओळख करून देताना मिस्टर जोसेफ लिबर्ड म्हण हं. "हो हो काकू, पण लोक त्यांना काळेकाका म्हणूनच ओळखतात ना? सो क्यूट! आणि ते स्वतःच म्हणतात." स्वतःच म्हणतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या. आज शेवटची संधी होती. गेले. ते शर्टाला इस्त्री करत होते. मी दहा मिनिटं इस्त्रीवर बोलले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आत्ताच आलो. हे झोपले. मी साडीही बदललेली नाही.

शाळेचा हॉल, एकशेवीस माणसं, बटाटेवड्यांचा वास. अर्चना माइकवर. "आणि आजचे आपले चीफ गेस्ट, लीड्सचे आपले लाडके, काळेकाका!" पहिल्या रांगेत कुणाचं तरी दाबलेलं हसू फसकन निसटलं. मागून दोन-तीन ठिकाणी खोकले. ते उठले. नेव्ही सूट, मरून टाय, बूट आरशासारखे. माइकपाशी गेले, हात जोडले.

"नमस्कार. माझं नाव काळेकाका."

एकेक अक्षर सुटं. ळ असा की पेठेतल्या माणसाने कान धरावा. आणि हॉल फुटला! आधी हसू, मग ते हसू लपवायला टाळ्या, मग टाळ्यांच्या आडून पुन्हा हसू. सीमा तोंडाला पदर लावून हलत होती. नवीन आलेली आयटीची मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. ते उभे. हसत नव्हते. सगळं थांबेपर्यंत थांबले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि जागेवर येऊन बसले. मी टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते म्हणून.

मग माझं भाषण. शिकागोतली वस्तीतली कामं, हार्वर्ड, २००० सालचा पराभव, २००४ची सेनेट, सगळं छान चाललं. पाचव्या पानावर तो परिच्छेद होता, जो लिहिताना मी स्वतःवरच खूश झाले होते. की लहानपणी सगळे त्याला बॅरी म्हणत, सोपं म्हणून. कॉलेजात असताना त्याने सांगितलं, माझं नाव बराक आहे. आणि मी लिहिलं होतं, 'दुसऱ्यांच्या सोयीचं नाव त्याने उतरवून ठेवलं, मित्रहो, आणि स्वतःचं नाव अंगावर चढवलं.' मित्रहो! लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

'बॅरी'पर्यंत वाचलं. तिथेच थांबले. ते पहिल्या रांगेत, मराठीचा एक शब्द कळत नसताना, मान किंचित तिरपी करून ऐकत होते. इथे सांगायचं होतं मी. माइक हातात होता. एक वाक्य पुरे होतं.

पान उलटलं. सहाव्यावरून वाचलं. लोकांना वाटलं, बाई भावुक झाल्या. उभं राहून टाळ्या दिल्या!

गाडीत ते मागे बसले होते. हे म्हणाले, काय मस्त उच्चार केलात! ते म्हणाले, गुड टीचर. आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं! शेवटी सांगितलं.

सकाळी अंघोळ करून सरळ गेले. बसलेही नाही. म्हटलं, जोसेफ, तुम्ही विचारत होतात ना, त्या नावाला अर्थ आहे. त्याचा अर्थ डार्क असा होतो. ब्लॅक. ते किटली धरून उभे होते. मला ती शांतता सोसेना आणि माझी जीभ चालू झाली. म्हटलं, पण आमच्यात तो फार चांगला शब्द आहे! आमचा कृष्ण काळा. आमचा विठ्ठल काळा. काळ्या विठ्ठलासाठी आमची माणसं मैलोन्मैल चालत जातात. इट्स अ गॉड्ज कलर. आम्ही प्रेमाने म्हणतो.

"अ गॉड," ते म्हणाले. "वेल, वेल."

मग किटली खाली ठेवली आणि विचारलं, दूध घालू का. चहा झाला. ओबामाच्या मुलींना कुत्रं मिळणार आहे, त्यावर बोललो. निघताना "थँक यू, सुचेता" म्हणाले.

हलकं वाटतं आहे. रागावले नाहीत. यांना सांगितलं तर हे म्हणाले, विठ्ठलाचं छान सुचलं तुला.

संध्याकाळ

छान सुचलं! टॉवेल परत करायला आलेल्या माणसाला बघून मंगळसूत्र लपवणाऱ्या बाईला तेव्हा कुठला विठ्ठल दिसला होता? गोऱ्या म्हाताऱ्याला गोरे म्हणताना कुठला देव होता? मला अजूनही खरं बोलता आलं नाही. देवाला मध्ये उभं केलं आणि त्याच्या मागे लपले. शी!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस मागच्या बागेत गेले नाही. कपडे घरातच वाळवले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ईशिताचा फोन. विठ्ठलाचंही सांगितलं तिला, लपवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, त्याला माहिती आहे. मी सांगितलं होतं. त्याच संडेला, तुझा क्लासवरून आली आणि रडत त्याच्या घरी गेली. ही गेव्ह मी अ बिस्किट. म्हणाला, डोन्ट टेल युअर मम. शी विल टेल मी हरसेल्फ. गुड वुमन, युअर मम."

एकोणीस वर्षं.

आणि मी आपली समजत होते, शनिवारी त्या अख्ख्या हॉलमध्ये त्या शब्दाचा अर्थ माहीत नसलेला एकच माणूस होता.